वीतभर जादा

घणाने जमीन ठोकायची आणि ती आतून काय उत्तर देते ते ऐकत बसायचं, हे माझं काम. आई टेमघरच्या शेजारणींना सांगते, "आमची पोरगी जमिनीची सोनोग्राफी करते." त्यावर एकीने फार काळजीने विचारलं होतं की मग जमिनीला झालंय तरी काय. मला हसू आलं, पण आईचं फारसं चुकलेलं नव्हतं.

आम्ही जमिनीवर धातूची एक जाड पाटी ठेवतो. तिला आमच्यात तवा म्हणतात. तव्यावर घण बसला की आवाज खाली जातो, मातीतून मुरमात, मुरमातून काळ्या पाषाणात. एक थर संपून दुसरा लागतो तिथे थोडा आवाज माघारी फिरतो आणि उरलेला आणखी खाली उतरतो. माघारी आलेला आवाज टिपायला जिओफोन लागतात. नारंगी रंगाची एक डबी आणि तिच्या खाली बोटभर लांबीचा खिळा, एवढाच तो प्रकार. असे चोवीस जिओफोन एका ओळीत रोवायचे, त्यांची केबल मशीनला जोडायची, आणि कोणाला किती वेळाने उत्तर पोचलं यावरून थर किती खोल ते काढायचं. सगळा कारभार पापणी लवायच्या आत उरकतो. नंतर महिनाभर कॉम्प्युटरसमोर बसायला मी आहेच.

आपल्याकडचा दगड लाव्ह्याचा. एक लोंढा आला, निवला, त्यावर माती साचली, मग त्यावर दुसरा लोंढा आला आणि ती माती भाजून लाल झाली. आजही काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये ही लाल माती सापडते, दोन भाकऱ्यांमध्ये चटणी लावावी तशी. भाकरीतून बोगदा काढायला कोणाची हरकत नसते, पण चटणी लागली की पाणी झिरपतं, माती सुटते, माणसं अडकतात. दोन हिवाळ्यांमागे गणेशपुरीच्या बाजूला पाण्याचा एक बोगदा काढायचं चाललं होतं आणि ही चटणी कुठे किती खोल आहे ते सांगायचं काम आमच्या छोट्याशा कंपनीकडे आलं होतं. पूर्ण माझ्या हातात दिलेलं ते पहिलंच काम.

आता एका घावाचं उत्तर फार क्षीण येतं. म्हणून एकाच जागी पाच घाव घालायचे, प्रत्येक वेगळा नोंदवायचा आणि नंतर पाचही एकावर एक रचून बेरीज करायची. दगड पाचही वेळा तेच सांगतो, म्हणून त्याचा आवाज वाढत जातो. वारा, बैल, चालणारा माणूस दर वेळी काहीतरी निराळं बोलतात आणि एकमेकांत विरून जातात. माझ्या डोक्यात आईचं सांगणंही असंच पाचव्या खेपेला शिरतं.

बाबांनी पस्तीस वर्षं भिवंडीत लूम चालवले. त्यातच कान गेले. अगदी ठार बहिरे नव्हेत, पण दारावरची बेल, कुकरची शिट्टी, चिमण्या, असे बारीक आवाज सगळे गेले. समोर उभं राहून सावकाश बोललं तर त्यांना ओठांवरून कळतं. कारखान्यात तसंही कोणी तोंडाने बोलत नसे. लूम चालू असताना ओरडून घसा फुटला तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही, म्हणून उत्तरेतून आलेला असो की आमच्यासारखा इथला, सगळे हातांनी बोलायचे. चहाची खूण होती, धागा तुटल्याची होती, सेठ येतोय याची तर फारच छान होती, पण ती इथे लिहिण्यासारखी नाही.

त्यातली एक खूण आमच्या घरात राहायला आली. अंगठा आणि करंगळी ताणून हवेत वीत दाखवायची. याचा अर्थ, अजून थोडं. कारखान्यात ती खूण तागा संपताना लागायची. बाबांचा नियम होता की ताग्याचं माप पुरं झालं तरी वीतभर कापड जादा विणायचं आणि मगच कापायचं. मध्ये कुठे धागा तुटून विणीत खोट राहिली असेल, कापड आकसलं असेल, घडी घालणाऱ्याचा हात आखडता असेल. माप कमी भरलं असं आपल्या ताग्याबद्दल कोणी म्हणू नये. त्या जादा कापडाचं त्यांना कोणी काही देत नव्हतं आणि त्यांनी कधी मागितलंही नाही. घरी जेवताना अजून भात हवा असला की ते आईला वीत दाखवायचे. आई म्हणायची, वीतभर भात वाढायला मी काय कापड दुकान काढलंय? आणि वाढायची.

मग तो कारखाना बंद पडला. लूम भंगारात गेले, जागेवर गोडाऊन उभं राहिलं. बाबा घरी बसले. ते भांडले असते, चिडले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं. ते नुसते ओट्यावर बसून राहायचे आणि शिफ्टच्या वेळेला उठून चपला घालायचे, मग काढायचे. वीत दाखवायचं बंद झालं. ताटात वाढलं तेवढंच जेवून उठायचे. आईने एक दिवस भाजी चिरता चिरता मला सांगितलं की त्यांना तुझ्याकडे काहीतरी काम बघ, काहीही, नाहीतर हा माणूस असाच विरघळून जाईल. मी म्हटलं, आई, माझ्या कामात साठीच्या माणसाला काय देणार? ती म्हणाली, ठोकायला तर देशील.

आमचा घण मारणारा गडी नेमका त्याच आठवड्यात भावाच्या लग्नाला गावी गेला. साहेबांना मी भीत भीत विचारलं. आमचे साहेब चांगले होते, पण चांगल्या माणसालाही वेळेत काम हवं असतं. ते म्हणाले, तीन दिवस आण, बघू. जमलं तर पूर्ण हंगाम ठेवू, तो गडी तसाही परत येईल की नाही सांगता येत नाही. पण म्हातारा माणूस आहे, ऐकू येत नाही, काही घोळ झाला तर तू जबाबदार. मी हो म्हटलं.

भात कापून झालेली शेतं होती, वज्रेश्वरी आणि गणेशपुरीच्या मधली. जिओफोन रोवायला गावातल्या दोन बाया मिळाल्या. भात लावणाऱ्या हातांना ओळीत रोवायचं शिकवावं लागत नाही. मशीन जीपच्या मागे ठेवलं होतं आणि मी तिथेच बसायचे. शेताचा मालक बांधावर उकिडवा बसून सगळं बघत होता. त्याने विचारलं की पाणी शोधताय का. मी म्हटलं, नाही, दगड. त्याने बांधावरच्या दगडांकडे हात केला आणि म्हणाला, "दगड तर वर पन हायत. न्या की उचलून."

बाबांना मी खुणांनी सगळं नीट समजावलं. माझा हात वर गेला की सगळं शांत. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. मी मान हलवली की एक घाव. असे पाच. हात खाली आला की पुढच्या जागेवर. घणाच्या दांड्याला काळ्या पट्टीने एक छोटं बटण चिकटवलेलं असतं, घाव बसला की त्याच क्षणी मशीन आपोआप नोंद घेतं आणि लगेच पुढच्या घावासाठी तयार होऊन बसतं. बाबांनी ते बटण चष्मा पुसून पुसून बघितलं. मग चपला काढून बांधावर ठेवल्या आणि अनवाणी उभे राहिले. मी म्हटलं, धसकट टोचेल. त्यांनी ऐकलं नाही, म्हणजे बघितलंच नाही माझ्याकडे.

ते तीन दिवस फार सुखाचे गेले. बाबांचा घण प्रत्येक वेळी तव्याच्या मधोमध पडत होता. पाच घावांनी तवा मातीत रुतायचा, मग घणाने बाजूला एक ठोका देऊन तो सोडवायचा (असा बाजूचा ठोका बटण सहसा धरत नाही), ठण्, आणि उचलून पुढे. ती ठण् ऐकू आली की मी ओळखायचे, झालं, पुढे निघाले. दुपारी आम्ही चिंचेखाली भाकरी खायचो. पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्यांचे खांदे इतके भरून आले होते की आईने तेल लावून चोळले, आणि ते पालथे पडल्या पडल्या तिला जिओफोनबद्दल सांगत होते. कित्येक महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. जेवताना त्यांचा हात वर आला आणि अंगठा-करंगळी ताणली गेली. आईने भात वाढला आणि काहीतरी आणायचं निमित्त करून आत गेली.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या आणि माझ्या पायाखालची जमीन, म्हणजे कॉम्प्युटरवरचीच, सरकली. पहिल्या चारपाच जागांपर्यंत लाल थर सरळ चालला होता. मग तो वाकडा झाला, मग खाली घसरला, आणि ओळीच्या शेवटी तर त्याचा पत्ताच नव्हता. साहेबांनी खुर्ची ओढून बघितलं. म्हणाले, एवढा खड्डा तिथे असूच शकत नाही, पलीकडच्या ओढ्यात हाच थर उघडा पडलाय, डोळ्यांनी दिसतो. मशीन ठीक होतं. केबल ठीक होती. मग त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश म्हणाले, "घण बदलूया. वाईट वाटून घेऊ नकोस."

संध्याकाळी बाबा मला दारातच विचारणार होते की पुढची लाईन कधी, हे मला माहीत होतं. घण घेऊन कसं उभं राहायचं याचा सराव ते ओट्यावर झाडू घेऊन करायचे. आणि मी त्यांना काय सांगणार होते? तुमचा घण चुकला?

रविवारी दुपारी मी नोंदी मोजल्या. हे मी आधीच करायला हवं होतं. चाळीस जागा, प्रत्येकी पाच घाव, दोनशे नोंदी व्हायला हव्या होत्या. निघाल्या दोनशे पंचेचाळीस.

तिथेच घोडं पेंड खात होतं. शेतात बसून ज्या कागदावर कुठल्या जागेची कुठली नोंद ते लिहायचं असतं, तो मी आदल्या दिवशीच घरी, सुंदर अक्षरात, भरून ठेवला होता. एक ते पाच, सहा ते दहा, अकरा ते पंधरा, पाचाचा पाढा लिहावा तसा. शेतात नुसत्या बरोबरच्या खुणा करत गेले. उन्हात मशीनचा पडदा नीट दिसत नाही आणि मी आकड्याकडे एकदाही बघितलं नाही. एका जागी सहा घाव पडले असतील तर तिथून पुढची प्रत्येक नोंद मी भलत्याच जागेच्या नावावर टाकत गेले होते. तवा सोडवायचा ठोका म्हणून मी जी ठण् ऐकत होते, त्यातल्या कितीतरी ठण् म्हणजे तव्यावर सरळ बसलेले घाव होते.

चूक माझी होती हे मला त्या क्षणीच कळलं. माझा राग दुधासारखा आहे, कळायच्या आत उतू जातो आणि मग पातेलं घासायला मीच. मी तशीच ओट्यावर गेले. बाबा हातात झाडू धरून उभेच होते. मी समोर उभी राहून ओरडले. त्यांना ऐकू येत नाही म्हणून नव्हे, मला ओरडायचं होतं म्हणून.

"पाच सांगितले होते ना, बाबा? पाच म्हणजे पाच! कोणी सांगितलं होतं जास्त मारायला?"

शेजारचे दोघं बघायला लागले. बाबांनी माझे ओठ वाचले. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, नीट, पडणार नाही असा, आणि आत निघून गेले.

आई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "वीतभर जादा. पस्तीस वर्षांची सवय हाय ती, तुझ्या पाचावर कशी थांबंल?" मला इतकी लाज वाटली की मी परत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. काम करताना रडता येत नाही, हा या धंद्याचा एक फायदा आहे.

सुदैवाने जमीन खोटं बोलत नाही. घाव जिथे पडतो त्याच्या सगळ्यात जवळच्या जिओफोनला आवाज आधी पोचतो, मग शेजारच्याला, मग त्याच्या शेजारच्याला. म्हणजे कागद हरवला तरी कुठली नोंद कुठल्या जागेची हे नोंदच सांगते. मी एकेक नोंद उघडून लावत गेले. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. बहुतेक जागी एक घाव जादा होता. आणि चिंचेपाशी मात्र तीन होते, बांधाच्या कोपऱ्यावर चार. सवयीचा हात असता तर सगळीकडे सारखाच चालला असता.

चहा घेऊन मी आत गेले. बाबा कॉटवर बसले होते. मी कागदावर ओळ काढली, चिंच काढली, तीन रेघा मारल्या आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चहा घेतला, कागद बघितला, आणि काहीच घडलं नसल्यासारखं सांगितलं.

"तिथं गाडी गेली मोठी. रस्त्याव. भुई हालत व्हती."

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी पाय उचलून तळवा दाखवला. कारखान्यात पस्तीस वर्षं अनवाणी उभं राहून त्यांना कुठला लूम आजारी आहे ते तळव्यांतून कळायचं. शेतातही रस्त्यावरून गोडाऊनचा ट्रेलर गेला की त्यांच्या तळव्यांना मुंग्या यायच्या. म्हणजे विणीत धागा तुटला. खोट राहिली. मग त्यांनी भुई शांत होईपर्यंत थांबून तेवढं परत विणून दिलं होतं. बाकीच्या जागी एक जादा तो नुसता रिवाजाचा.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुझा हात वर व्हता ना, बाय. हात वर असला का कोनी बोलाचा न्हाय, तूच सांगलंस. आन खाली आला का तू तुझ्या कागदात."

मी चिंचेच्या नोंदी तपासल्या. पहिल्या पाचांपैकी तीन खराब होत्या, सगळ्या पडद्यावर ट्रेलरची थरथर. नंतरच्या तीन स्वच्छ. बांधाच्या कोपऱ्यावर चार खराब, चार जादा. एकाचाही फरक नाही. खराब काढून जादा धरल्या, सगळं पुन्हा रचलं, आणि लाल थर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत गेला, थेट ओढ्याच्या दिशेने. मी कॉम्प्युटर उचलून बाबांना दाखवायला नेला. त्यांनी लाल रेघेवरून बोट फिरवलं आणि पलीकडे बघितलं. ओट्यावरचं ते विसरले नव्हते.

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं, माझ्या पाढ्यासकट. ते बराच वेळ हसले. मग गंभीर झाले. शेवटची एक लाईन राहिली होती. म्हणाले, त्यांना घेऊन ये, मी स्वतः येतो. पण आता शिस्तीत. पाच म्हणजे पाच. हे नीट झालं तर हंगामभर त्यांनाच ठेवू, नाहीतर तो गडी परत आलाय, त्याला बोलावतो. मी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

त्या दिवशी बाबांनी कसं काम केलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. पाच घाव मोजून घालायचे, घण खाली टेकवायचे आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवून समोरच्या डोंगराकडे बघत उभे राहायचे. माझ्याकडे नुसतं खूण कळण्यापुरतं. आणि तवा रुतला की घणाचा ठोका न देता खाली बसून, बोटं मातीत घालून, तो हातांनी सोडवायचे, चुकून एकही आवाज जादा होऊ नये म्हणून. नखांत माती भरली होती. साहेब माझ्या शेजारी उभे होते आणि म्हणाले, "बघ, शिस्तीत जमतं, सांगितलं होतं की." मला ते पाच घाव एकेक करून टोचत होते. त्या माणसाला मी एवढं आज्ञाधारक केलं होतं.

अकराव्या जागी माझा हात वर होता आणि तिसरा घाव पडत असताना गणेशपुरीची एसटी आली. ती दूर रस्त्यावर होती, मला नुसती धूळ दिसली. बाबांनी खाली पायांकडे बघितलं. मग पहिल्यांदाच त्या दिवशी माझ्या डोळ्यांत बघितलं, क्षणभर, आणि नजर काढून घेतली. मी मान हलवली. चौथा. पाचवा. घण खाली टेकला. एसटी अजून वळणावरच होती.

साहेब म्हणाले, पाच झाले, हात खाली घे.

मी घेतला नाही. एसटी दिसेनाशी झाली तरी घेतला नाही. दोघी बाया जिथल्या तिथे खिळल्या होत्या, बांधावरचा मालक विडी ओठात धरून थांबला होता. साहेबांनी पुन्हा माझं नाव घेतलं. मला माहीत होतं की बाबांचा हंगाम या हातावर आहे. माझा दंड दुखायला लागला. मग त्या वर धरलेल्या हाताचा अंगठा आणि करंगळी मी ताणता येतील तेवढी ताणली आणि बाबा माझ्याकडे बघतील याची वाट बघत राहिले.

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा वर सरकवला, डावा पाय जरा पुढे घेतला आणि भुई शांत झाल्याची खात्री करून घण उचलला. सहावा. मी मान हलवली. सातवा. आणि आठवा, विणीतली खोट भरून निघाली.

साहेबांनी वाकून मशीनचा पडदा सावलीत घेतला, तीन, चार आणि पाच नंबरच्या नोंदी बघितल्या, मग शेवटच्या तीन बघितल्या. उभे राहिले आणि म्हणाले, "कागद कोरा आण पुढच्या वेळी. जेवढे पडतील तेवढे लिही." बाबा त्यानंतर हंगामभर होते, आणि पुढच्या हंगामातही.

मी कागदावर पाच खोडून आठ लिहिलं आणि हात खाली घेतला. बाबांनी वाकून तवा बघितला. तो चांगलाच रुतला होता. त्यांनी बोटं मातीत घातली नाहीत. घण हातात फिरवून बाजूने एक ठोका दिला, ठण्, आणि माझ्याकडे बघून हसले. दांड्यावरच्या बटणाने या खेपेला तो बाजूचा ठोकाही धरला आणि मशीनने नोंदवून घेतला. थर शोधायला त्या नोंदीचा काही उपयोग नाही. कंपनीने मागितलेल्या यादीत ती नाही. माझ्याकडे ती अजून आहे.